नाथांच्या वाड्यातली लेकरे

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ येते तेव्हा आमच्या झाडीपट्टीत मोहफुलांचा हंगाम तोंडावर आलेला असतो. तिकडे पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते, इकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून आम्ही जमेल तसा सप्ताह करतो. कीर्तनात अगदी पुढे येऊन बसतात ती लहान मुले. परक्यावर दया करावी हा नुसता उपदेश त्यांच्या एका कानाने शिरतो आणि दुसऱ्याने निघून जातो. म्हणून मी त्यांच्यासाठी नाथमहाराजांचे चरित्रच लावतो.

शके १४५५, म्हणजे इ. स. १५३३ च्या सुमारास श्रीएकनाथांचा जन्म पैठणास झाला. थोर भगवद्भक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण, मातोश्री रुक्मिणीबाई. परंतु आईबापांचे सुख नाथांच्या वाट्यास आले नाही. दोघेही नाथ तान्हे असतानाच गेले, आणि आजोबा चक्रपाणी व आजी यांनी नातवाचे संगोपन केले. पुढे देवगिरीस जनार्दनस्वामींची सेवा, तीर्थाटन, गुरुआज्ञेने गृहस्थाश्रम, शके १४९५ मध्ये काशीस भागवतावरील टीकेची समाप्ती, शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत, हे सारे वाचकांना ठाऊकच आहे. असो. आज मला त्यांच्या वाड्याच्या उंबऱ्याशीच थांबायचे आहे. पोरकेपण ज्याने तान्हेपणीच भोगले, त्याच्या दारात दुसऱ्याचे लेकरू आले की काय होई, ते पाहायचे आहे.

गोदेच्या वाळवंटातली कथा परंपरेने घरोघर पोचविली आहे. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वस्तीतली एक बाई पाण्याला गेली होती. तिचे लहान पोर मागोमाग निघाले आणि तापल्या वाळूत अडकून रडू लागले. माध्यान्हस्नानाला निघालेल्या नाथांनी त्याला उचलले, नाक-डोळे पुसले, कडेवर घेऊन त्याच्या घरी नेऊन पोचविले. सोवळ्याचे काय झाले, गाव काय म्हणाला, याचा विचार त्यांनी केला नाही. मार्कंड्याला वैनगंगेची वाळू ज्यांनी भर दुपारी अनवाणी तुडविली आहे, त्यांना या कथेचा अर्थ सांगावा लागत नाही, बरं का. चामोर्शीकडच्या एका सप्ताहात सहासात वर्षांच्या पोरीने आरतीनंतर मला गाठले आणि विचारले, की नाथबाबांच्या पायांत तेव्हा वहाण होती का. मला उत्तर देता येईना. चाळीस वर्षे ही कथा सांगत आलो, पण उचलणाऱ्याच्या पायांकडे माझे लक्षच गेले नव्हते.

दुसरी कथा पितृतिथीची. वाड्यात श्राद्धाचा स्वयंपाक होत होता. रस्त्याने जाणाऱ्या एका गरीब कुटुंबातल्या पोराला त्या अन्नाचा वास आला आणि त्याने आईपाशी हट्ट धरला. आई त्याला गप्प करीत होती. ते बोलणे नाथांच्या कानी पडले. ब्राह्मणांसाठी सिद्ध झालेले अन्न त्यांनी त्या कुटुंबाला पोटभर वाढविले. गावचे ब्राह्मण रुसले ते रुसलेच.

तिसरी गिरिजाबाईंची. नाथांना राग आणून दाखविण्याची पैज घेऊन एक नडलेला ब्राह्मण आला आणि बाई वाढायला वाकल्या असता सरळ त्यांच्या पाठीवर चढून बसला. नाथांनी त्यांना एवढेच सुचविले, की पाहुणा पडू देऊ नका. त्यावर बाईंचे उत्तर असे, की बाळ हरीला पाठीवर घेऊन कामे करण्याची सवय आहे, तेव्हा हाही पडायचा नाही. परका माणूस, तोही छळायला आलेला. त्या माउलीने त्याला आपल्या लेकराच्या जागी बसविले!

आजच्या आया मुलांना बजावतात, की अनोळखी माणसाशी बोलू नका. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. नाथांच्या घरीही दया करायला पुढे होत ते आईबाप. मुलांनी ती पाहायची असे.

पण पाहूनही मूल शिकतेच असे नाही. तो पाठीवर वाढलेला हरी पुढे मोठा शास्त्री झाला, आणि त्यालाच वडिलांचे वागणे पटेना. प्राकृतात पुराण सांगणे, कुणाच्याही घरी जेवणे त्याला खपेना. हरिपंडित रुसून काशीला गेले. मी स्वतः पाठशाळेत व्याकरण घोकून वाढलो आहे. तेव्हा हरिपंडितांचा राग मला आतून कळतो. नाथ त्यांना आणायला काशीस गेले. प्राकृत पुराण बंद, परान्न बंद, या मुलाच्या दोन्ही अटी त्यांनी मान्य केल्या, वाद घातला नाही. हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले आणि वाड्यातले श्रोते ओसरत गेले.

मग एक म्हातारी आली. सहस्रभोजनाचा तिचा नवस होता, पण दारिद्र्य आले होते. एका नाथांना जेवू घातले तर नवस फिटेल, असे तिला कुणी सांगितले होते. अट मोडू नये म्हणून नाथांनी स्वयंपाक हरिपंडितांकडूनच करविला. जेवण झाल्यावर उष्टी पत्रावळ उचलायलाही मुलालाच सांगितले. हरिपंडितांनी ती उचलली तर खाली दुसरी, ती उचलली तर तिसरी. म्हातारीच्या झोपडीत वाकून वाकून विद्वान पंडिताची पाठ भरून आली. हजार पत्रावळी झाल्या तेव्हा ते वडिलांच्या पायांवर कोसळले.

नाथांचे प्राकृत पुराण पुन्हा सुरू झाले. श्रोते परत आले, आणि त्यांच्यांत हरिपंडितही येऊन बसू लागले.