बुलेट ट्रेनचे शिल्पकार शिंजी सोगो
जपानमध्ये बुलेट ट्रेन साकारणाऱ्या शिंजी सोगो यांचा जन्म १८८४चा. वयाच्या ७१व्या वर्षी, १९५५मध्ये, ते जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष झाले. टोकियो-ओसाका लोहमार्गावर तेव्हा गर्दीचा प्रचंड ताण होता. १,०६७ मिलिमीटर रुंदीच्या त्याच मार्गाचा विस्तार करावा, असा अनेकांचा आग्रह होता. अरुंद रुळांवर वेगाला मर्यादा पडणारच, हे ओळखून सोगो यांनी १,४३५ मिलिमीटरच्या स्वतंत्र मार्गाचा ध्यास घेतला. जागतिक बँकेचे ८ कोटी डॉलरचे कर्जही मिळवले. मात्र खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला आणि १९६३मध्ये त्यांना पद सोडावे लागले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ताशी २१० किलोमीटर वेगाची गाडी धावली. साडेसहा तासांचा प्रवास चार तासांवर आला. तो उद्घाटन सोहळा सोगो यांनी घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. १९८१मध्ये त्यांचे निधन झाले.