भाऊसाहेबांचे छात्रालय

ॲडमिशन मिळाली पण खोली मिळेना, असे सांगत एम.ए., पीएच.डी.ची पोरे दरवर्षी आमच्याकडे येतात. अशा वेळी आम्हाला डॉ. पंजाबराव देशमुख आठवतात.

२७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळला शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसनमधून १९२० साली ते विलायतेस गेले. एडिंबरोत पदवी, मग बॅरिस्टरी आणि ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातील धर्मावर डॉक्टरेट. वेदाचा अधिकार ज्याला नाकारला त्या कुणब्याच्या पोराने वेदच तपासायला घेतले, हे आपल्या लोकांना अजून नीट सांगितले गेलेले नाही!

परतल्यावर नुसती वकिली करून भागले असते. भाऊसाहेबांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. खेड्यातली सर्व जातींची पोरे तिथे एकत्र राहू-जेवू लागली. त्या काळी अस्पृश्याच्या पोराला शहरात भाकर कोण वाढणार होते? शाळेत नाव लागले तरी रात्री अंग टाकायला जागा नसेल, तर शिक्षण सुटतेच.

१९२७ मध्ये अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या लढ्यात ते बाबासाहेबांसोबत उभे राहिले. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था आली. पुढे ते काँग्रेसचे केंद्रीय कृषिमंत्री झाले. तो मार्ग आमचा नव्हे, पण छात्रालयाचे ऋण आम्ही नाकारणार नाही. १० एप्रिल १९६५ रोजी ते गेले.

१९६९ साली अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्याच अकोल्यात आमचा पोरगा खोली पाहायला जातो, घरमालक आडनाव विचारतो आणि खोली कालच गेली म्हणतो.