मोडलेलें सांधणारा हात : सोइचिरो होंडा

जपानांतील तरुण मंडळींत एक विलक्षण छंद दृष्टीस पडतो. जुनी, गंजलेली स्पोर्ट्स मोटार विकत घ्यावी, तिचें एंजिन उतरवून खिळा न् खिळा तपासावा, स्प्रिंगा व चाकें बदलावीं आणि मग वळणावर तिचीं मागचीं चाकें मुद्दाम घसरवीत ती जवळजवळ आडवी न्यावी, असा हा खेळ आहे. त्यास ड्रिफ्टिंग म्हणतात. पाहणारास धूर आणि गोंगाट दिसतो; परंतु त्यामागें कित्येक महिन्यांचें हातानें केलेलें काम असतें. मोडकी मोटार दुरुस्त करून ती शर्यतीस उभी करण्याची ही विद्या त्या देशांत नवी नव्हे. शंभर वर्षांपूर्वीं एका लोहाराचा मुलगा हीच विद्या शिकण्यासाठीं टोकियोस गेला व पुढें जगप्रसिद्ध झाला. त्या पुरुषाचें चरित्र आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्ही येथें योजिलें आहे.

सोइचिरो होंडा ह्यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजीं शिझुओका प्रांतांतील कोम्यो नांवाच्या खेड्यांत झाला. हें खेडें आतां हामामात्सु शहरांत समाविष्ट झालें आहे. वडील गिहेइ हे लोहार होते. भाता, ऐरण आणि घण हीच काय ती त्या घरची संपत्ति. पुढें ते मोडक्या सायकली दुरुस्त करून विकूं लागले. आई मिका ही विणकामांत कुशल होती.

शाळेंत सोइचिरोची प्रगति यथातथाच असे. परीक्षेचा निकाल घरीं दाखवून त्यावर वडिलांचा शिक्का आणावा असा शाळेचा नियम होता. निकाल दाखविण्याजोगा नसल्यामुळें ह्या चिरंजीवांनीं सायकलच्या पायट्याचें रबर कोरून घरचा शिक्का स्वतःच तयार केला! होंडा हें नांव जपानी लिपींत उभें लिहिलें असतां डावी-उजवी बाजू सारखीच दिसते. म्हणून उलट कोरण्याची आठवण न राहतांही त्याचा शिक्का बरोबर उठला. ही युक्ति पाहून सोबत्यांनींही तसे शिक्के मागितले. त्यांचीं नांवें मात्र उलटीं उठलीं आणि सगळें बिंग फुटलें. ह्या कृत्याचें समर्थन आम्ही मुळींच करीत नाहीं. परंतु ज्या हातांनीं पुढें हजारों यंत्रें घडविलीं ते हात लहानपणीं कसे वळवळत होते, हें ह्यावरून दिसून येतें.

गांवांत पहिली मोटार आली तेव्हां सोइचिरो तिच्यामागून धांवत सुटला व रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा वास घेऊन हरखून गेला. १९१७ सालीं हामामात्सु येथें आर्ट स्मिथ नांवाचा अमेरिकन वैमानिक विमानाचे खेळ करणार असल्याचें त्यास कळलें. गांवापासून तें मैदान सुमारें वीस किलोमीटर दूर होतें. मुलानें वडिलांची सायकल न विचारतां काढली. पाय पुरत नव्हते म्हणून मधल्या त्रिकोणांतून पाय घालून ती हांकीत तो तेथें पोहोंचला. आंत जाण्यास पुरेसे पैसे जवळ नव्हते. तेव्हां तो एका झाडावर चढला व तेथून त्यानें तो खेळ पाहिला. घरीं आल्यावर वडील रागावले खरे. परंतु मुलगा एवढ्या दूर जाऊन विमान पाहून आला हें कळतांच त्यांचा राग मावळला.

१९२२ सालीं उच्च प्राथमिक शाळेचा अभ्यास संपवून सोइचिरो टोकियो येथील आर्ट शोकाइ नांवाच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. मोटारींना हात लावावयास मिळेल ह्या आशेनें आलेल्या त्या मुलास पहिले कित्येक महिने मालकाचें तान्हें मूल पाठीशीं बांधून सांभाळावें लागलें व जमीन झाडावी लागली. परत जावें असें त्याच्या मनांत अनेकदां आलें. पण कोणत्या तोंडानें घरीं जावें, ह्या विचारानें तो टिकून राहिला.

१ सप्टेंबर १९२३ रोजीं टोकियो व योकोहामा ह्या शहरांवर भयंकर भूकंपाचा घाला आला. भूकंपामागून आग लागली. कारखान्यांत दुरुस्तीसाठीं आलेल्या मोटारी आगींतून बाहेर काढावयाच्या होत्या, आणि त्या गडबडींतच सोइचिरोस प्रथम रस्त्यावर मोटार हांकावयास मिळाली. आग विझल्यावर कारागीर आपापल्या गांवीं निघून गेले. होरपळलेल्या मोटारी मात्र शेंकड्यांनीं पडून होत्या. कारखान्याचे मालक युझो साकाकिबारा ह्यांनीं त्या दुरुस्त करण्याचें काम घेतलें. वांकलेले सांगाडे सरळ करणें, जळालेलीं चाकें नवीं करणें, अडकलेलीं एंजिनें मोकळीं करणें, हा सोइचिरोचा खरा अभ्यासक्रम झाला.

साकाकिबारा ह्यांना शर्यतीच्या मोटारी तयार करण्याचाही नाद होता. विमानाचें एक जुनें कर्टिस एंजिन मिळवून त्यांनीं तें मिचेल नांवाच्या अमेरिकन मोटारीच्या सांगाड्यावर बसविलें. त्या एंजिनास आठ सिलिंडर असून त्याचें आकारमान आठ लिटरांहून अधिक होतें. दिवसाचें काम आटोपल्यावर रात्रीं जागून मालक व उमेदवार ही मोटार घडवीत. २३ नोव्हेंबर १९२४ रोजीं योकोहामाजवळील त्सुरुमि येथें ती शर्यतींत उतरली. मालकांचे बंधु शिनइचि ती चालवीत होते आणि शेजारीं मेकॅनिक म्हणून सोइचिरो बसला होता. ही मोटार पहिली आली! हीच मोटार पुढें दुरुस्त करून मोतेगि येथील होंडा संग्रहालयांत जतन करण्यांत आली.

१९२८ सालीं मालकांच्या आशीर्वादानें होंडा ह्यांनीं हामामात्सु येथें त्याच कारखान्याची शाखा उघडली. त्या काळीं मोटारीच्या चाकांचे आरे लांकडी असत. ते आगींत कसे जळून गेले हें होंडांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. म्हणून त्यांनीं ओतीव लोखंडाचे आरे तयार केले व त्यांचें पेटंट मिळविलें. धंदा उत्तम चालला. त्यांचा एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. त्यांचा राग अनावर असे. कामांत हयगय दिसली कीं हातांतील पाना कामगाराच्या अंगावर पडावयास उशीर लागत नसे.

७ जून १९३६ रोजीं टोकियोजवळ तामागावा नदीच्या कांठीं नव्या शर्यतीच्या रस्त्यावर पहिली मोठी शर्यत झाली. स्वतः बदल करून तयार केलेली फोर्ड मोटार घेऊन होंडा तींत उतरले. शेजारीं मेकॅनिक म्हणून धाकटे बंधु बेंजिरो बसले होते. भर वेगांत असतां दुसरी एक मोटार रस्त्यांत आली, तिच्याशीं टक्कर झाली व होंडांची मोटार उलटून पडली. होंडांच्या खांद्यास व चेहऱ्यास दुखापत झाली, तर बेंजिरोंच्या पाठीचा कणा दुखावला. शर्यतीच्या छंदाची किंमत केवळ स्वतःसच द्यावी लागते असें नाहीं, हा कठोर धडा त्यांना त्या दिवशीं मिळाला.

ह्यानंतर होंडांनीं पिस्टनवर बसणाऱ्या रिंगा तयार करण्याचें मनावर घेतलें. लोहाराच्या मुलास हें काम सोपें वाटलें. परंतु रिंगा ठिसूळ होऊन मोडूं लागल्या. हातास जें कळत नव्हतें तें पुस्तकांत शोधण्याची पाळी आली. तिशी ओलांडलेला हा कारखानदार हामामात्सुच्या औद्योगिक विद्यालयांत मुलांबरोबर बाकावर जाऊन बसला. रिंगांत सिलिकॉन कमी आहे हें तेथील प्राध्यापकांच्या तपासणींत आढळलें. तरीही पन्नास रिंगा टोयोटा कंपनीस दाखविल्या तेव्हां त्यांतील अवघ्या तीन पसंत पडल्या! होंडांनीं हार मानिली नाहीं. अखेर त्यांच्या रिंगा मान्य झाल्या. विद्यालयांत मात्र ते हवीं तेवढींच व्याख्यानें ऐकत व परीक्षा देत नसत. म्हणून दोन वर्षांनीं त्यांचें नांव कमी करण्यांत आलें.

महायुद्धांत त्यांच्या एका कारखान्यावर बॉम्ब पडले आणि जानेवारी १९४५ मध्यें भूकंपानें दुसरा कारखाना जमीनदोस्त झाला. होंडांनीं आपले भाग विकून टाकले व कांहीं काळ ते स्वस्थ बसले. युद्धानंतर जपानांत पेट्रोल दुर्मिळ झालें, आगगाड्या माणसांनीं खचून भरूं लागल्या. अशा वेळीं सैन्याच्या बिनतारी यंत्रांसाठीं बनविलेलीं लहान एंजिनें होंडांच्या हातीं लागलीं. तीं त्यांनीं सायकलींना जोडलीं; पेट्रोलची टांकी म्हणून प्रथम अंथरुणांत ऊब देणारें गरम पाण्याचें भांडें वापरलें! ह्या टाकाऊ वस्तूंतून १९४८ सालीं होंडा मोटार कंपनी उभी राहिली. विक्री व हिशेब सांभाळणारे ताकेओ फुजिसावा हे भागीदार त्यांना १९४९ सालीं लाभले.

१९५४ सालीं, कंपनी आर्थिक संकटांत असतांनाच, आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यतींत उतरण्याचा संकल्प होंडांनीं जाहीर केला. १९६१ सालीं तेथील १२५ व २५० सी. सी. ह्या दोन्ही शर्यतींत पहिले पांचही क्रमांक होंडाच्या मोटारसायकलींनीं पटकाविले. त्याच सुमारास नव्या कंपन्यांना मोटारी बनविण्यास आडकाठी करणारा कायदा सरकारच्या विचारांत होता. तो संमत होण्यापूर्वींच मोटार बाजारांत आणावी म्हणून होंडांनीं घाई केली आणि १९६३ सालीं एस ५०० ही चिमुकली स्पोर्ट्स मोटार विकावयास आणली. तिचें चार सिलिंडरांचें एंजिन अवघें ५३१ सी. सी. चें होतें, परंतु मिनिटास ८,००० फेरे घेऊन तें ४४ अश्वशक्ति देई. मागचीं चाकें मोटारसायकलप्रमाणें साखळीनें फिरत. सरकारचा तो कायदा पुढें झालाच नाहीं. ह्या मोटारीच्या घराण्यांतील एस ६०० व एस ८०० ह्या मोटारी हौशी लोक आजही जीव लावून दुरुस्त करतात.

आतां ह्या थोर पुरुषाच्या चुकीविषयीं लिहिणें प्राप्त आहे. एंजिन पाण्यानें नव्हे, हवेनेंच थंड करावें, असा होंडांचा हट्ट होता. १९६८ सालीं ह्या तत्त्वावर शर्यतीची एक मोटार तयार झाली. कंपनीचे मुख्य चालक जॉन सर्टीझ ह्यांनीं ती शर्यतीस योग्य झालेली नाहीं म्हणून चालविण्याचें नाकारलें. तरीही ७ जुलै रोजीं फ्रान्समधील रूआँ येथें ती उतरविण्यांत आली. मोटार वळणावर घसरून बांधावर आदळली, पेटली आणि तिचे चालक जो श्लेसर हे मरण पावले. मोडलेली मोटार सांधतां येते; गेलेला प्राण परत आणतां येत नाहीं.

एवढें होऊनही होंडांचें मत पालटलें नाहीं. धुरांतील विषारी द्रव्यें कमी करावयाचीं तर एंजिन पाण्यानेंच थंड केलें पाहिजे, असें तरुण इंजिनिअरांचें म्हणणें होतें. पण मालकापुढें बोलणार कोण? अखेर फुजिसावांनीं त्यांना विचारिलें कीं, आपण कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार कीं इंजिनिअर म्हणून. होंडांनीं विचार केला व अध्यक्ष म्हणून राहण्याचें पत्करून आपला हट्ट सोडला. तरुणांनीं तयार केलेलें सी. व्ही. सी. सी. एंजिन अमेरिकेच्या कडक नियमांस उतरलें. आमच्या मतें होंडांच्या आयुष्यांतील सर्वांत अवघड दुरुस्ती हीच होय; कारण ह्या वेळीं मोडलेली वस्तु त्यांचा स्वतःचा अभिमान होती. १९७३ सालीं, शक्ति शाबूत असतांनाच, ते व फुजिसावा एकाच वेळीं निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर देशभरचे कारखाने व दुकानें फिरून त्यांनीं प्रत्येक कामगाराचे आभार मानिले. एका ठिकाणीं एक कामगार हस्तांदोलनास पुढें आला, पण हात तेलानें माखलेला पाहून लाजून मागें सरूं लागला. होंडांनीं तोच तेलकट हात आनंदानें धरला. त्यांचा स्वतःचा डावा हात हातोडीच्या घावांनीं व हत्यारांच्या जखमांनीं भरलेला होता. उजवा हात काम करी व डावा मार खाई. ज्या हातांत पूर्वीं रागाचा पाना असे त्याच हातानें आतां दुसऱ्याचा हात धरला, ह्यांतच त्यांच्या आयुष्याचा प्रवास आला असें आम्हांस वाटतें.

५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्यांचें देहावसान झालें. मोठ्या अंत्यविधीमुळें रस्त्यांवर मोटारींची कोंडी होऊन लोकांचा खोळंबा होईल, म्हणून तसा समारंभ करूं नये असें त्यांनीं सांगून ठेविलें होतें. त्यांच्या कंपनीनें पुण्याच्या किनेटिक कंपनीशीं भागी केली होती. त्यामुळें महाराष्ट्रांतील कित्येक घरांतून त्यांचें नांव स्कूटरवर वाचीत मुलें लहानाचीं मोठीं झालीं.

विद्यार्थिमित्रहो, घरांत एखादी सायकल मोडून पडली असेल तर ती भंगारवाल्यास देण्यापूर्वीं एकवार उघडून पाहा. हात काळे होतील, बोटांस खरचटेल, कदाचित् ती दुरुस्तही होणार नाहीं. परंतु ती कोठें व कां मोडली हें तुम्हांस कळेल. आणि आपलें मत चुकलें असें जेव्हां आढळेल, तेव्हां तेंही त्याच हातानें उघडून दुरुस्त करण्याचें धैर्य तुम्हांस लाभो, एवढीच आमची इच्छा आहे.