मिरजेचे वॉनलेस साहेब आणि त्यांचे विद्यार्थी

सांगली आणि मिरज या दोन गावांच्या मध्ये वानलेसवाडी आहे. या बाजूला राहणाऱ्या आपल्या सर्वांना हे नाव लहानपणापासून पाठ असते. रिक्षावाल्याला आपण ते सांगतो, पत्त्यात लिहितो. पण 'वाडी'च्या आधीचा हा परदेशी शब्द कोठून आला, असे एखाद्या मुलाने विचारले तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? या रविवारी ज्यांच्या नावाने ही वाडी ओळखली जाते त्या डॉक्टर विल्यम वॉनलेस यांची आणि त्यांनी मिरजेत चालवलेल्या लहानशा वैद्यकशाळेची ओळख आपण करून घेऊ या.

ते आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे होते. पण ज्या प्रभूने जखमी वाटसरूला उचलणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली, त्या प्रभूने त्या माणसाचा पंथ विचारला नव्हता. म्हणून त्यांच्याकडून शिकताना आपण संकोच करण्याचे कारण नाही.

विल्यम जेम्स वॉनलेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी न्यूयॉर्कमध्ये घेतले. १८८९ साली पदवी हाती पडली, त्याच वर्षी मेरी मार्शल यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी हे जोडपे हिंदुस्थानात यायला निघाले. डॉक्टरांचे वय तेव्हा अवघे २४ होते. न्यूयॉर्कसारख्या शहरात व्यवसाय थाटला असता तर पैसा आणि मान दोन्ही सहज मिळाले असते. पण तरुण वॉनलेस दांपत्य आले ते कृष्णाकाठच्या सांगलीला.

आज आपण ज्याला सांगली जिल्हा म्हणतो तो तेव्हा अस्तित्वात नव्हता. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके इंग्रजी अमलाखालच्या सातारा जिल्ह्यात मोडत. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली हे सारे एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे वॉनलेस आले तेव्हा या भागात चार-पाच कोसांवर राज्य बदलत असे. रोग मात्र सर्वत्र सारखेच होते. मोतीबिंदूने आंधळी झालेली म्हातारी माणसे, मूतखड्याने तळमळणारे शेतकरी, अडलेल्या बाळंतिणी. वैद्य-हकीम होते, सुईणी होत्या, पण शस्त्रक्रिया करू शकेल असा माणूस पुण्याशिवाय किंवा मुंबईशिवाय भेटणे कठीण होते.

सांगलीत त्यांनी प्रथम एक लहानसा दवाखाना सुरू केला. पुढे त्यांनी मिरज हे ठिकाण धरले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन. पुण्याहून सातारा रोड, कराड करत येणारी गाडी येथे येई, आणि १८९१ साली येथून कोल्हापूरची लाइनही सुरू झाली. फिलाडेल्फियाचे दानशूर उद्योगपती जॉन कॉन्व्हर्स यांनी दिलेल्या देणगीतून मिरजेत रुग्णालय उभे राहिले आणि १८९४ साली त्याची दारे उघडली. लोक त्याला मिशन हॉस्पिटल म्हणू लागले. आगगाडीमुळे दूरदूरचा रोगी मिरजेला पोहोचू शकत होता. डोळ्यांवर पट्टी बांधून आलेला म्हातारा गावी परतून नातवंडांची तोंडे ओळखू लागला, की त्या गावातून पुढच्या गाडीला आणखी चार जण निघत. जाहिरात करावी लागली नाही.

आता खरी अडचण सुरू झाली. दोन हातांनी किती कापायचे आणि किती शिवायचे? एक जण शस्त्र चालवत असताना दुसऱ्याने रोग्याला क्लोरोफॉर्म द्यावा लागतो, तिसऱ्याने नाडी पाहावी लागते. रोगी बरा होऊन गावी गेला आणि तेथे जखम चिघळली तर ती पाहणारा कोणी नाही. डॉक्टर स्वतः दौऱ्यावर गेले तर मागे रुग्णालय कोणावर सोपवायचे? परदेशातून आणखी डॉक्टर मागवणे हा एक मार्ग होता. वॉनलेस यांनी त्याबरोबर दुसरा मार्गही धरला. १८९७ साली त्यांनी मिरजेतच ख्रिस्ती तरुणांसाठी वैद्यकशाळा सुरू केली.

ते वर्ष कोणते होते हे आपण लक्षात घेतले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला होता आणि रेल्वेच्या वाटेने तो आत शिरत होता. दुष्काळही पडला होता. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली झालेल्या जुलमाने लोक संतापले होते आणि १८९७च्या जूनमध्ये रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. गोऱ्या माणसाच्या हातातील औषधाकडे लोक संशयाने पाहत होते, असा तो काळ. अशा वेळी गोऱ्या डॉक्टरने आपली विद्या या मातीतल्या मुलांच्या हाती द्यायला सुरुवात केली, ही गोष्ट आम्हांला साधी वाटत नाही.

ही शाळा मोठी नव्हती. मुंबई विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्या काळी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातूनच मिळे. पुण्यात सरकारी वैद्यकशाळा होती, तेथे हॉस्पिटल असिस्टंट तयार होत. मिरजेच्या शाळेला विद्यापीठाचे वलय नव्हते. पण तिच्याजवळ एक गोष्ट होती, जी पुष्कळ मोठ्या कॉलेजांना हेवा वाटावा अशी होती. ती म्हणजे रोग्यांनी भरलेले रुग्णालय आणि त्यात दिवसभर काम करणारा शिक्षक.

अशा शाळेत शिकणे म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकतो. पुस्तके इंग्रजीत, आणि रोगी मात्र मराठी, कानडी नाहीतर दख्खनी उर्दूत बोलणारा. सकाळी पुस्तकात वाचलेला रोग दुपारी खाटेवर कण्हत समोर पडलेला. विद्यार्थ्याने जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, औषधाच्या बाटल्या भरायच्या. जे काम करायला नोकरही नाक मुरडील ते काम आधी, आणि शस्त्राला हात लावायची पाळी मागाहून. आजच्या कॉलेजात जसे गॅदरिंग आणि कॅन्टीन असते तसे या मुलांच्या वाट्याला फारसे आले नसेल. पण घरापासून दूर, एका छपराखाली, एकच कष्ट वाटून घेताना जी मैत्री होते ती त्यांना नक्कीच लाभली असेल.

आणखी एक गोष्ट. आपल्या भागात ख्रिस्ती झालेली बरीच कुटुंबे गावकुसाबाहेरची होती. ज्याच्या हातचे पाणी गाव घेत नाही, त्याच्या हातचे औषध गाव घेईल काय? बाटलीतल्या औषधात तर पाणीच असते. हा प्रश्न आज वाचताना सोपा वाटतो, पण तेव्हा या मुलांच्या साऱ्या आयुष्याचा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर भाषणाने मिळण्यासारखे नव्हते. पोटात कळ उठलेला माणूस रात्री दिवा घेऊन दारात आला, आणि आतून येणारा हात त्याला बरा करू शकला, तरच ते उत्तर मिळणार होते. विद्या हातात असेल तर माणसाला मान वर करून उभे राहता येते, हे त्या शाळेतल्या मुलांना कोणी फळ्यावर लिहून शिकवायला नको होते.

शेजारच्या कोल्हापुरात याच काळात राजर्षी शाहू महाराज नेमका हाच विचार करत होते. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करायला हात घातला आणि १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. महाराज आणि डॉक्टर वॉनलेस यांचा स्नेह होता, आणि मिशनच्या वैद्यकीय कामाला महाराजांचा आधार होता. पुढे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. भाऊराव स्वतः कोल्हापुरात शिकलेले. वाटा वेगळ्या, श्रद्धा वेगळ्या, पण खेड्यातल्या मुलाला शिकवल्याशिवाय खेडे उठणार नाही हे या सर्वांनी ओळखले होते.

मिरजेतून शिकून निघालेले तरुण मिशनच्या निरनिराळ्या दवाखान्यांत कामाला गेले. त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. वॉनलेस साहेबांना पुढे किताब मिळाला, पण साहेबांचे नाव ज्यांनी गावोगाव खरे करून दाखवले त्यांना कोणी किताब दिला नाही. मोठ्या माणसाचे चरित्र वाचताना त्याच्या मागे उभ्या असलेल्या या माणसांची आठवण ठेवणे आपले कर्तव्य आहे.

डॉक्टरांचे स्वतःचे आयुष्यही सुखाचेच होते असे नाही. त्यांच्या पत्नी मेरी येथेच काम करत असता वारल्या. कोल्हापूरचे मेरी वॉनलेस हॉस्पिटल हे नाव त्यांचे आहे. घरचे माणूस गेल्यावर आपल्या देशी परत जायचे ठरवले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. ते राहिले. १९०० साली कुष्ठरोग्यांसाठी मिरजेत आश्रयस्थान सुरू झाले होते. त्या काळी कुष्ठरोग्याला घरातले लोकही दारात उभे करत नसत. पुढे १९२०च्या सुमारास क्षयरोग्यांसाठी वेगळे रुग्णालय झाले. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ साली. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच उपाय. म्हणून हे रुग्णालय गावाच्या गर्दीपासून दूर, सांगली-मिरजेच्या मध्ये मोकळ्या माळावर उभे राहिले. त्याच परिसराला लोकांनी वानलेसवाडी हे नाव दिले.

१९२८ साली डॉक्टर वॉनलेस निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. जवळजवळ ४० वर्षे त्यांनी या भागात काढली होती. १९३२ साली त्यांचे आपल्या कामाविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ३ मार्च १९३३ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात त्यांचे निधन झाले. मिरजेतले काम डॉक्टर चार्ल्स व्हेल यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी पुढे चालवले होते.

कोणी म्हणेल की हे मिशनरी धर्मप्रसारासाठी आले होते. खरे आहे. वॉनलेस यांनी ते कधी लपवले नाही. वैद्यकीय मिशनचे महत्त्व सांगणारे पुस्तकच त्यांनी १८९८ साली लिहिले होते. राज्य इंग्रजांचे होते आणि किताब इंग्रज राजाचा होता, हेही खरे. पण ज्यांना दृष्टी परत मिळाली त्यांच्यातले बहुसंख्य आपापल्या धर्मात राहून, आपापल्या देवाचे नाव घेत घरी गेले. सेवेच्या बदल्यात काही मागितले तर ती सेवा राहत नाही, तो व्यवहार होतो. ही कसोटी मिशनरींना लागू आहे तशीच आज आपल्या शाळा, दवाखाने आणि संस्था चालवणाऱ्या आपल्यालाही लागू आहे.

दुसरा कोणी म्हणेल की मिरजेची ती शाळा काही वेल्लोरसारखी मोठी झाली नाही. तेही खरे. आयडा स्कडर यांनी वेल्लोरला मुलींसाठी वैद्यकशाळा काढली ती मिरजेनंतर २१ वर्षांनी, १९१८ साली, आणि ती वाढत वाढत देशभर नावाजलेले कॉलेज बनली. मिरजेची शाळा लहानच राहिली. मात्र रोगी तपासत तपासत शिकवण्याची जी रीत मिरजेत पडली ती वाया गेली नाही. १९६२ साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा वॉनलेस यांच्या रुग्णालयाचा त्याला मोठा आधार मिळाला. बी पेरणाऱ्याला झाड पाहायला मिळतेच असे नाही.

आज आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जातात, कोणी परदेशी जातात. त्यात वाईट काही नाही. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकवलेले असते आणि त्यांनी चार पैसे मिळवावेत ही इच्छा रास्तच आहे. पण प्रवेशाचा फॉर्म भरताना आपण फक्त पगाराचा आकडा विचारतो, की ही विद्या कोणाच्या कामी येणार हेही विचारतो? लहान गावातल्या लहान कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला आपण कमी लेखतो काय? आपल्याच वस्तीतली नर्स झालेली मुलगी सुट्टीत घरी आली, तर तिने शेजारच्या म्हातारीचे रक्तदाब तपासून द्यावे असे तिला वाटते काय, आणि तसे वाटावे असे आपण तिला घरात शिकवले आहे काय?

दूर कॅनडात जन्मलेला एक तरुण आपली पदवी घेऊन जेथे डॉक्टर नव्हता तेथे आला, आणि नुसता डॉक्टर होऊन थांबला नाही, तर डॉक्टर घडवणारा झाला. आपल्याजवळचे औषध दुसऱ्याला देणे हे चांगले काम आहे. औषध तयार करायची विद्या दुसऱ्याला देणे हे त्याहून अवघड काम आहे, कारण मग आपल्याशिवायही त्याचे चालू लागते. येत्या शाळा-कॉलेजच्या वर्षात आपल्या धर्मग्रामातील निदान एका गरजू विद्यार्थ्याची फी, पुस्तके किंवा एका वेळचे जेवण आपल्यापैकी काही कुटुंबांनी मिळून उचलले, तर मिरजेच्या त्या जुन्या शाळेचे काम आपल्या हातून थोडेसे पुढे जाईल.