उन्हानं टिपलेलं शेवाळ

ओहोटीच्या वेळी समुद्रावर गेलं, की खडकांना बिलगलेलं शेवाळ दिसतं. पाय घसरेल म्हणून आपण ते चुकवून पुढं जातो. शंख-शिंपले हौसेनं वेचतो, पण शेवाळाकडे निरखून कोण बघतंय? इंग्लंडच्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्सनं मात्र या दुर्लक्षित जिवांसाठी आयुष्याची दहा वर्षं दिली. त्यातून जे पुस्तक झालं, ते आज जगातलं पहिलं छायाचित्रांचं पुस्तक मानलं जातं!

अ‍ॅनाचा जन्म १६ मार्च १७९९ चा, केंट परगण्यातल्या टनब्रिजचा. आई ती तान्ही असतानाच गेली. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन हे शास्त्रज्ञ. आईविना वाढणाऱ्या लेकीला त्यांनी आपल्याच अभ्यासात सामील करून घेतलं. शंख-शिंपल्यांवरच्या एका फ्रेंच ग्रंथाचं त्यांनी भाषांतर केलं, तेव्हा त्यासाठी सुमारे अडीचशे चित्रं काढली ती अ‍ॅनानं. साल होतं १८२३.

१८२५ मध्ये जॉन पेली अ‍ॅटकिन्स यांच्याशी तिचं लग्न झालं. मूलबाळ झालं नाही. वनस्पती गोळा करायच्या, वाळवून जपायच्या, हा नाद लग्नानंतरही सुटला नाही. वडील ज्या रॉयल सोसायटीचे सचिव होते, तिथं बायकांना प्रवेश मिळायला १९४५ साल उजाडलं. लंडनच्या बोटॅनिकल सोसायटीचं दार मात्र उघडं होतं. १८३९ मध्ये अ‍ॅना तिची सभासद झाली.

१८४१ मध्ये विल्यम हार्वे यांचं ब्रिटनच्या समुद्रशेवाळांवरचं पुस्तक आलं. वर्णनं होती, पण चित्रं नव्हती. केसासारख्या बारीक फांद्यांचं शेवाळ नुसतं वाचून ओळखायचं कसं? आणि इतकं नाजूक काम हातानं हुबेहूब उतरवणं किती अवघड, हे चित्रकलेत मुरलेल्या अ‍ॅनाला पुरतं ठाऊक होतं. तेवढ्यात १८४२ मध्ये घरोब्यातले शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी सायनोटाइपची पद्धत शोधून काढली. तिला हवी ती वाट सापडली.

या पद्धतीला कॅमेरा लागत नाही. लोहाच्या दोन संयुगांचं पाणी कागदाला लावायचं आणि कागद अंधारात वाळवायचा. त्यावर शेवाळ ठेवून वरून काच दाबायची आणि पापडाला दाखवतो तसं ऊन दाखवायचं. मग कागद साध्या पाण्यात धुवायचा. ऊन लागलेला भाग गडद निळा, शेवाळाखालचा पांढरा! शेवाळ जेवढं, तेवढाच त्याचा ठसा. इंजिनिअर लोकांच्या ब्ल्यू प्रिंट पुढं याच पद्धतीनं निघू लागल्या.

ऑक्टोबर १८४३ मध्ये पुस्तकाचा पहिला भाग तयार झाला. अ‍ॅना तेव्हा ४४ वर्षांची होती. १८५३ पर्यंत भाग निघत राहिले, पानं झाली सुमारे ४००. छापखान्याचं नाव नाही. प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक पान वेगळं उन्हात ठेवायचं, वेगळं धुवायचं. मजकूरही तिच्याच अक्षरातला, तसाच निळ्यावर उमटवलेला. या प्रती तिनं विकल्या नाहीत, जाणकारांना आणि संस्थांना भेट दिल्या.

१८५२ मध्ये वडील गेले आणि अ‍ॅना खचली. तेव्हा बहिणीसारखी मैत्रीण अ‍ॅन डिक्सन तिच्या सोबतीला येऊन राहिली. दोघींनी मिळून पुढं नेच्यांचे असेच निळे ठसे केले. दुःखात हाताला काम देणारी मैत्रीण भेटणं, हेही भाग्यच!

९ जून १८७१ रोजी अ‍ॅना गेली. प्रस्तावनेखाली तिनं फक्त ‘ए. ए.’ एवढंच लिहिलं होतं. पुढं एका अभ्यासकाला वाटलं, की हे कुणा ‘अनामिक हौशी’ माणसाचं काम असावं. इंग्रजीत त्या दोन शब्दांची आद्याक्षरंही तीच! विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनी तिचं काम पुन्हा लोकांसमोर आणलं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात तिच्या निळ्या पानांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तिचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत झळकलं.

मैत्रिणींनो, आपल्याही घरात पाककृतींची वही असते, भरतकामाचा रुमाल असतो, स्वतः काढलेले फोटो असतात. त्यावर आपलं पूर्ण नाव आणि तारीख आजच घालून ठेवू या का?