हसवणारे चिं. वि. जोशी

चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १८९२ साली पुण्यास झाला. ते बडोद्यास कॉलेजात पाली भाषा शिकवीत. पाली म्हणजे बुद्धाच्या ग्रंथांची भाषा. एवढे विद्वान, पण त्यांनी लोकांना पोट धरून हसवले. भित्रा चिमणराव आणि धिप्पाड गुंड्याभाऊ ही जोडी त्यांचीच. मला गुंड्याभाऊ जास्त आवडतो. जोशी १९६३ साली वारले.

आमची आजी गेल्यापासून आजोबा नीट जेवत नव्हते. बाई म्हणाल्या, हसलं की खोल श्वास घेतला जातो, अंग सैल होतं. मामाने बदलापूरहून चिमणरावाचं पुस्तक आणलं. मी रोज रात्री आजोबांना वाचून दाखवलं. तीन दिवस ते गप्पच. चौथ्या दिवशी इतके हसले की ठसकाच लागला! आईने पाणी दिलं. मग त्यांनी अर्धी भाकरी मागून घेतली.