४१ किलोमीटरवर गेलेला फुगा, एक जिवाणू आणि नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल

विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमधून सुटका करून घेऊन सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात शिरलात, की आत दोन नावाजलेल्या संस्था आहेत. एक आयुका, म्हणजे तारे आणि दीर्घिकांचा अभ्यास करणारी. दुसरी एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. एक दुर्बिणीवाली, दुसरी सूक्ष्मदर्शकवाली. या दोघींचं एकमेकींकडे काय काम असणार? पण २००५ मध्ये ते पडलं.

त्या वर्षी २० एप्रिलला हैदराबादहून एक अवाढव्य फुगा आकाशात सोडण्यात आला. आकार २ कोटी ६७ लाख घनफूट. त्याच्याखाली ४५९ किलोचं उपकरण लटकवलेलं. प्रवासी विमानं साधारण १०-१२ किलोमीटर उंचीवरून उडतात. हा फुगा ४१ किलोमीटरपर्यंत गेला आणि तिथली हवा स्टीलच्या नळकांड्यांत भरून खाली घेऊन आला. त्या हवेत जिवंत जिवाणू सापडले आणि त्यातल्या तीन जाती विज्ञानाला नव्या होत्या.

२००९ मध्ये त्यांची नावं जाहीर झाली. एकीला इस्रोचं नाव मिळालं, दुसरीला आर्यभटाचं. तिसरीचं नाव ठेवलं जॅनिबॅक्टर हॉयली. हे हॉयल म्हणजे फ्रेड हॉयल, जयंत नारळीकरांचे गुरू. फुगा उडाला तेव्हा त्यांना जाऊन जवळपास चार वर्षं झाली होती. पण तो फुगा ज्या प्रश्नासाठी उडाला, तो प्रश्न विचारण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं घालवली होती. बदल्यात त्यांना टिंगलच जास्त मिळाली.

शाळा सोडणारा मुलगा

फ्रेड हॉयल यांचा जन्म २४ जून १९१५ चा, इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातल्या गिल्स्टेड गावचा. वडील लोकरीच्या धंद्यात. आई थिएटरात मूकपट चालू असताना पियानो वाजवायची. पडद्यावरच्या पाट्या वाचता वाचता पोरगं वाचायला शिकलं, पण शाळेत काही रमलं नाही.

एकदा बाईंनी वर्गाला सांगितलं की, अमुक फुलाला पाच पाकळ्या असतात. फ्रेडने सहा पाकळ्यांचं फूल शोधून आणलं. त्याला वाटलं असेल, शाबासकी मिळेल. मिळाली ती कानाखाली. त्याने घरी येऊन सांगून टाकलं की, आता त्या शाळेत जाणार नाही. आईने त्याचीच बाजू घेतली.

हा प्रसंग हॉयल यांच्या प्रत्येक चरित्रात येतो आणि त्याचं कारणही कळतं. अख्खा वर्ग पाच म्हणत असताना हा माणूस पुढेही सहाच मोजत राहिला. गंमत अशी की, कधी खरंच सहा पाकळ्या निघाल्या, तर कधी त्या पाचच होत्या आणि हॉयल यांना ते मान्य करवलं नाही.

आपल्या शरीरातला कार्बन कुठून आला?

१९३३ मध्ये ते केंब्रिजला पोहोचले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी रडारवर काम करताना त्यांची हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांच्याशी गट्टी जमली. असं सांगतात की, युद्धानंतर तिघांनी मिळून एक भुताचा सिनेमा पाहिला. तो जिथे सुरू होतो तिथेच येऊन संपतो. त्यावरून विषय निघाला की, विश्वही असंच असेल तर? ज्याला सुरुवातच नाही असं?

१९४८ मध्ये त्यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावतं, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं. त्यामुळे एकूण चित्र कायम तेच राहतं, सुरुवात नाही आणि शेवटही नाही. १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात विरोधी कल्पनेबद्दल बोलताना त्यांनी एक शब्द वापरला, बिग बँग. ज्या सिद्धांताला जन्मभर विरोध केला, त्याचं बारसं त्यांनीच करून ठेवलं!

पण हॉयल यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे. जीवसृष्टीसाठी कार्बन लागतो. हा कार्बन ताऱ्यांच्या पोटात हेलियमचे तीन अणुकेंद्रक एकत्र येऊन बनायला हवा. गणित केलं तर तो जवळजवळ बनतच नव्हता. हॉयल यांनी उलट बाजूने विचार केला. आपण इथे आहोत, म्हणजे कार्बन भरपूर बनला आहे. मग कार्बनच्या अणुकेंद्रकाची एक विशिष्ट ऊर्जा पातळी असलीच पाहिजे, जिच्यामुळे ही प्रक्रिया सोपी होते. ती पातळी तोवर कुणी नीट पाहिलेली नव्हती. १९५३ मध्ये ते अमेरिकेत कॅलटेकला गेले आणि विली फाउलर यांच्या प्रयोगशाळेत हे सांगितलं. आधी कुणाचा विश्वास बसेना. पण प्रयोग केला आणि पातळी सापडली, हॉयल यांनी सांगितलेल्या आकड्याच्या अगदी जवळ.

१९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉयल या चौघांनी जड मूलद्रव्यं ताऱ्यांमध्ये कशी घडतात, यावर एक भलामोठा शोधनिबंध लिहिला. आपल्या हाडांतलं कॅल्शियम आणि रक्तातलं लोह ताऱ्यांमधून आलं आहे, हे आज इन्स्टाग्रामच्या रील्समध्ये ऐकायला मिळतं. त्याचं मूळ इथे आहे. १९८३ मध्ये यासाठी फाउलर यांना नोबेल मिळालं. (सोबतचे मानकरी होते सुब्रमण्यन चंद्रशेखर.) हॉयल यांना मिळालं नाही. का, यावर आजही वाद होतात. पल्सारच्या शोधाचं १९७४ चं नोबेल देताना जोसलिन बेल यांना डावललं, म्हणून हॉयल यांनी जाहीर टीका केली होती. ती भोवली, असं अनेकांना वाटतं.

कोल्हापूरचा विद्यार्थी

१९६० मध्ये हॉयल यांच्याकडे संशोधनासाठी एक विद्यार्थी आला. जन्म कोल्हापूरचा, शिक्षण बनारसचं. जयंत नारळीकर. गुरुत्वाकर्षणाचा हॉयल-नारळीकर सिद्धांत जून १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत मांडला गेला आणि पंचविशीतल्या या मराठी तरुणाचं नाव जगभरच्या पेपरांत झळकलं. १९६५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं.

त्याच वर्षी अमेरिकेत विश्वाच्या सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. महास्फोटाचा हा मोठा पुरावा होता. बहुतेक शास्त्रज्ञ तिकडे वळले, पण हॉयल वळले नाहीत. नारळीकर आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत ते १९९० च्या दशकातही स्थिर स्थितीची सुधारित आवृत्ती मांडत होते.

१९७२ हे वर्ष दोघांसाठी वळणाचं ठरलं. त्यांना सर ही पदवी मिळाली, पण विद्यापीठाच्या कारभाराला आणि नेमणुकांच्या राजकारणाला वैतागून त्यांनी केंब्रिजचा राजीनामा दिला. नारळीकर त्याच वर्षी मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आले आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली. हॉयल मात्र डोंगरदऱ्यांत राहायला गेले. डोंगरांचं वेड जुनंच होतं, स्कॉटलंडमधली ३,००० फुटांवरची सगळी शिखरं त्यांनी पायी सर केली होती.

जीवसृष्टी आकाशातून आली का?

आता येतो तो भाग, ज्यामुळे हॉयल यांचं नाव निघालं की शास्त्रज्ञ आजही सावध होतात.

त्यांचे दुसरे एक विद्यार्थी होते श्रीलंकेचे चंद्रा विक्रमसिंघे. ताऱ्यांच्या मधल्या जागेत धूळ असते. ती कशाची बनली आहे, याचा हे दोघं अभ्यास करत होते. आधी ते म्हणाले ग्रॅफाइट. मग म्हणाले कार्बनी रेणू. शेवटी म्हणाले की, ही धूळ म्हणजे वाळलेले, गोठलेले जिवाणू आहेत. धूळ प्रकाश जसा शोषते, तसाच प्रयोगशाळेतले सुकवलेले जिवाणूही शोषतात, हा त्यांचा आधार. इतर शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की, असा प्रकाश शोषणारी निर्जीव संयुगंही भरपूर आहेत.

जीवसृष्टी पृथ्वीवर सुरू झाली नाही, धूमकेतूंसोबत ती बाहेरून आली आणि अजून येते आहे, असं दोघांचं मत होतं. या कल्पनेला पॅनस्पर्मिया म्हणतात. हॉयल यांचा हिशेब असा की, भंगाराच्या ढिगावरून वादळ गेलं आणि आपोआप विमान जोडलं गेलं, हे जितकं अशक्य, तितकंच पृथ्वीवर योगायोगाने पेशी तयार होणं अशक्य. जीवशास्त्रज्ञांनी लगेच चूक दाखवली. उत्क्रांती एका उडीत विमान बनवत नाही, टप्प्याटप्प्याने पुढे जाते.

पण हॉयल थांबले नाहीत. फ्लूच्या साथी अंतराळातून येतात, असं त्यांनी १९७९ मध्ये पुस्तकच लिहिलं. लंडनच्या संग्रहालयातलं आर्किओप्टेरिक्स या आदिपक्ष्याचं जीवाश्म बनावट आहे, असा आरोप केला. संग्रहालयाने तपासलं, ते अस्सल निघालं. कार्बनच्या वेळी आपण बरोबर ठरलो होतो, याचा त्यांना जरा जास्तच आधार वाटत असावा. तिथे पडताळणारा प्रयोग होता, इथे तो नव्हता.

मग फुगा उडाला

तो प्रयोग करायचं भारतात ठरलं. विचार साधा होता. सूक्ष्मजीव वरून येत असतील, तर खूप उंचावरच्या हवेत सापडले पाहिजेत. ४१ किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या १ टक्काही नसतो. ओझोनचा बहुतेक थर खाली राहिलेला असतो, त्यामुळे अतिनील किरणांचा थेट मारा. कडाक्याची थंडी, पाण्याचा पत्ता नाही. खालून उडालेल्या जिवाणूने तिथे पोहोचणं अवघड आणि टिकणं त्याहून अवघड.

पहिला फुगा २१ जानेवारी २००१ रोजी हैदराबादहून उडाला. प्रकल्पाला पैसा इस्रोचा, फुगे टीआयएफआरचे, मागे आग्रह नारळीकरांचा. काही नमुने विक्रमसिंघे यांच्याकडे वेल्समधल्या कार्डिफला गेले. तिथे जिवंत पेशींचे पुंजके दिसल्याचं जुलैच्या अखेरीस जाहीर झालं.

हॉयल तेव्हा ८६ वर्षांचे होते. १९९७ मध्ये ते जन्मगावाजवळ फिरायला गेले असताना घळीत पडले होते. सुमारे १२ तास तिथेच होते, शेवटी कुत्र्याच्या मदतीने शोध लागला. तेव्हापासून तब्येत ढासळतच गेली. २० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले.

२००५ च्या उड्डाणात जास्त काळजी घेतली गेली. १६ निर्जंतुक नळकांडी द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली होती. २० ते ४१ किलोमीटरमधली हवा आत गोठवून घेतली गेली आणि ती पॅराशूटने खाली आली. नमुने दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासायचे ठरले, हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यातल्या ९ पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळल्या. तीन मात्र नव्या, आणि अतिनील किरणांना नेहमीच्या भावंडांपेक्षा जास्त दाद न देणाऱ्या.

मग हॉयल बरोबर होते का? इस्रोने २००९ मध्येच स्पष्ट केलं होतं की, हे जिवाणू परग्रहावरून आल्याचं यातून सिद्ध होत नाही. पुढे आर्यभटाच्या नावाचा जिवाणू शेतातल्या मातीत, झाडांच्या मुळांशी सापडू लागला. जॅनिबॅक्टर हॉयली तर दक्षिण कोरियातल्या एका तान्ह्या बाळाच्या रक्तात सापडला. म्हणजे हे जिवाणू खालूनच वर गेले असण्याची शक्यता जास्त. धूमकेतूंवर आणि लघुग्रहांवर अमिनो आम्लं सापडली आहेत, त्यामुळे जीवसृष्टीचा कच्चा माल अंतराळातून आला असेल, हे आता बहुतेकांना पटतं. जिवंत पेशी आल्या, हे पटत नाही.

नारळीकरांनी हॉयल यांच्याबद्दल ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात भरभरून लिहिलं आहे. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचंही निधन झालं.

जॅनिबॅक्टर हे नाव जेनस या दोन तोंडांच्या रोमन देवावरून आलं आहे, कारण या जिवाणूच्या पेशी कधी गोल तर कधी काडीसारख्या दिसतात. हॉयली जातीचा मूळ नमुना चंदीगडच्या सूक्ष्मजीव संग्रहात ठेवलेला आहे, एक जर्मनीतही आहे. कुणाला पुन्हा तपासायचा असेल, तर मागवता येतो.